शिंगांची अट

आमच्या राज्यातल्या मोटारींच्या नंबरपाटीवर छापलेलं असतं, 'अमेरिकेचा दुधाचा मुलूख'. गावाच्या वेशीवर घराएवढी लाकडी गाय उभी केलेली आहे आणि दर उन्हाळ्यात तिला नवा रंग देतात. अशा विस्कॉन्सिनमधल्या अशा ऑटर फॉल्समध्ये, गुडघ्याएवढ्या दोन शेळ्या पाळल्या म्हणून वर्ना स्टेनरुडच्या दारावर नगरपालिकेनं पिवळी नोटीस डकवली. आता याला काय म्हणायचं? गाई, घोडे, डुकरं, शेळ्या आणि मेंढ्या गावाच्या हद्दीत ठेवायला मनाई आहे, तरी महिन्याभरात हलवा. तक्रार केली होती मागच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या जोडप्यानं. त्यांचे दोन दांडगे कुत्रे दिवसभर कुंपणावर पाय ठेवून भुंकतात, ते चालतं. कुत्र्याला कायदा नाही.

वर्नानं नोटीस काढली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मटकन बसली. शेळ्या गेल्या तर लेलंडही जाणार, हे तिला नोटिशीच्या पहिल्या ओळीतच कळलं होतं.

लेलंड तिचा नवरा. जन्मभर दुसऱ्यांच्या गोठ्यात गडी म्हणून राबला. पहाटे उठून दुसऱ्याच्या गाईंचं दूध काढायचं, संध्याकाळी परत काढायचं, यातच त्याचं आयुष्य गेलं. स्वतःची एक कालवडसुद्धा त्याच्याकडे कधी नव्हती, आणि त्याचं त्याला काही वाटायचंही नाही. मग म्हातारपणी विसरण्याचा आजार लागला. आधी रस्ते गेले, मग नावं गेली, मग एक दिवस वर्नाच गेली. म्हणजे ती समोरच होती, अंडी तळत होती, पण लेलंड दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मालकीणबाई, मी आत येऊ का?"

तेव्हापासून ती मालकीणबाई. लेलंडच्या हिशेबी तो कुठल्याशा शेतावर कामाला होता आणि ही त्या शेतकऱ्याची बायको. बोलणं अदबीचं, अहो-जाहो. रात्री तिच्या खोलीत झोपायलाही तयार नाही, कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत झोपायचा. "पन्नास वर्षं संसार केला आणि शेवटी बढती मिळाली बघा," असं वर्ना चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना बायकांना सांगायची. बायका हसायच्या. वर्नाही हसायची. घरी येऊन मात्र न्हाणीघराचं दार लावून घ्यायची.

पहिल्या हिवाळ्यात लेलंड दोनदा घराबाहेर पडला, गाई शोधायला. दुसऱ्या खेपेला तो हमरस्त्यावर झोपायच्या कपड्यांत सापडला, पायांत काही नाही. मुलगी जॉयलिन शेजारच्या गावात दातांच्या दवाखान्यात काम करते. ती धावत आली आणि तिनं निक्षून सांगितलं.

"आई, अजून एकदा जरी बाबा रस्त्यावर सापडले ना, तर मी त्यांना त्या मेपल कोर्ट वृद्धाश्रमात ठेवणार. यावर वाद नको."

"तिथं दारांना कुलपं असतात गं."

"म्हणूनच."

त्यानंतर वर्नाच्या भाचीनं आपल्या शेतावरून या दोन शेळ्या आणून दिल्या. मेबल आणि तिची लेक रूथी. दोघी बुटक्या जातीच्या, मोठी झालेली शेळीसुद्धा कुत्र्याएवढीच. दोन अशासाठी, की शेळी एकटी राहत नाही, ओरडून जीव देते. मोटारीच्या गॅरेजात गवत पसरलं, लाकडी चौथरा ठोकला. लेलंड पहिल्या पहाटे आत गेला, हात धुतले, मेबलच्या शिंगावरून हात खाली आणून तिच्या मानेवर ठेवला, कपाळ तिच्या बरगडीला टेकलं आणि धारा काढायला बसला. पत्र्याच्या भांड्यात दूध वाजायला लागलं आणि वर्ना दाराशी उभी राहून रडली. त्या दिवसापासून माणूस बाहेर पडला नाही. पहाटे दूध, संध्याकाळी दूध, मधे गवत, पाणी, झाडलोट. दुपारी तृप्त होऊन खिडकीत बसायचा. गड्याला काम मिळालं होतं, आणखी काय पाहिजे?

आणि आता ही नोटीस.

वर्ना काही भाषणं ठोकणारी बाई नव्हे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं जन्म काढला, पोरांच्या ताटांत बटाटे वाढण्यात. पण गरज पडली की मुकी बाईही बोलायला लागते. तिनं नगरपालिकेत अर्ज टाकला की हा कायदाच बदला, बुटक्या शेळ्या अंगणात ठेवायला परवानगी द्या. नगरपालिका म्हणाली, ठीक, शरद ऋतूत चर्चा करू, तोवर नोटीस स्थगित. मग सगळा उन्हाळा वर्ना गावभर फिरली.

तिला जोडीदार मिळाली ब्रिना. तिशीतली पोरगी, दोन्ही दंडांवर पानाफुलांचं गोंदण, अंगणात कोंबड्या. तिला शेळ्या हव्या होत्या कारण शेळ्या गोड दिसतात. कारण कसलं का असेना, पोरगी कामाची होती. तिनं पाट्या रंगवल्या, शनिवारच्या बाजारात टेबल मांडलं. मेबल आणि रूथीला पट्टे बांधून टेबलाशेजारी उभं करायचं, पोरं गोळा व्हायची, पोरांमागून आया यायच्या, आणि आयांना वर्ना शेळीच्या दुधाचं चीज बिस्किटावर लावून द्यायची.

"आज शेळ्या, उद्या उंट आणाल!" एक ढेरपोट्या गृहस्थ बिस्किट खाता खाता म्हणाला.

"उंट परवडत नाही हो. नाहीतर तुमच्याच अंगणात बांधला असता," वर्ना म्हणाली.

"वास मारतात की नाही?"

"बोकड मारतो. आम्ही बोकड मागतच नाही आहोत. आणि तुम्ही तिसरं बिस्किट घेताय, तेव्हा वास काही फार नडत नसावा."

लोक हसले. वर्नाला स्वतःचंच नवल वाटलं. ती दारोदार गेली, लोकांच्या पायऱ्यांवर उभी राहून तेच तेच बोलली. कुणी आत बोलावून लिंबू सरबत दिलं, कुणी जाळीच्या दाराआडूनच वाटेला लावलं. लेलंडचं मात्र तिनं कुठं काही सांगितलं नाही. नवऱ्याच्या आजाराचं भांडवल करायचं, हे तिच्या जिवावर यायचं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण आमच्याकडच्या माणसांची हीच तर खोड. विहिरीत पडलेला माणूसही वर बघून म्हणणार, "सगळं ठीक, तुमचं कसं काय?"

सप्टेंबरअखेर सभा भरली. सभागृहात उभं राहायला जागा नाही. सात सभासद, त्यातले तिघं शेळ्यांच्या बाजूचे, तिघं विरुद्ध. विरुद्ध पार्टीचा म्होरक्या होल्झर. हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं. तो उठून म्हणाला, "आपल्या आजोबांनी बुटांचं शेण पुसून हे शहर वसवलं. आता तेच शेण परत घरात आणायचं?" टाळ्या पडल्या. या होल्झरनं आयुष्यात एकदाही शेळीच्या पाठीवरून हात फिरवला नसेल. पण उंटावरून शेळ्या हाकायला शेळी कशी असते हे माहीत असावं लागत नाही.

सातवी होती लॉरेटा डॉर्शनर. गोरीगोमटी, नीटनेटकी, मोत्यांची माळ घालणारी आजी. ती म्हणाली, "मला प्राण्यांचं वावडं नाही. पण माझा नातू चार वर्षांचा आहे. कुंपणातून डोकं घालतो. त्याच्या डोळ्यात शिंग गेलं तर? शेळ्या बिनशिंगांच्या असतील, अशी अट घाला. मग माझं मत तुमचं."

महापौरांनी चष्म्यावरून वर्नाकडे पाहिलं. "स्टेनरुडबाई, अर्ज तुमचा आहे. अट मान्य?"

ब्रिनानं तिचा हात दाबला. ब्रिनाला काय, ती पिल्लं आणणार होती, पिल्लांचं काही अवघड नसतं. सगळ्यांच्या नजरा वर्नावर. आणि वर्नाच्या डोळ्यांपुढे आले जुने गोठे. लेलंड कामाला होता तिथं दर हिवाळ्याच्या तोंडाला लांब दांड्यांची कातर घेऊन माणूस यायचा आणि मोठमोठ्या गाईंची शिंगं कचाकचा उडवून जायचा. गाई डोकी झाडायच्या, थोडं रक्त यायचं, आणि संध्याकाळी पाहावं तर गव्हाणीत तोंड घालून उभ्या. तिनं स्वतः त्या माणसाला जेवायला वाढलं होतं.

"मान्य," वर्ना म्हणाली. "शिंगांचं काय एवढं? काढता येतात. गाईंची काढतोच की आपण."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. चार विरुद्ध तीन. ब्रिनानं उडी मारून तिला मिठी मारली. मागच्या बाकावरून कुणीतरी शेळीसारखं ओरडलं आणि होल्झरसुद्धा हसला. वर्ना घरी आली तेव्हा लेलंड खिडकीत बसला होता. "मालकीणबाई, आज खुशीत दिसताय," तो म्हणाला.

"आहेच मुळी," ती म्हणाली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यानं संकोचून खांदा आखडला, तरी तिला वाईट वाटलं नाही.

जनावरांची डॉक्टर इम्होफ तरुण होती. तिनं मेबलच्या शिंगांच्या बुडाशी बोटं फिरवली आणि मान हलवली.

"बाई, गाय वेगळी, शेळी वेगळी. शेळीचं शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी कवटीत उतरलेली असते. पिलू आठवड्याभराचं असताना तापल्या लोखंडानं डाग देतात, तेव्हा ठीक. हिचं शिंग बुडातून कापलं तर डोक्याला दोन भोकं पडतील. आरपार, आतलं दिसेल अशी."

वर्नाला कळेना आपण काय ऐकतो आहोत. "मरेल?"

"काही मरतात. जगल्या तर दोन-तीन महिने हाल. मी करावं असं मला वाटत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला हे सोपं असतं म्हणून?"

"कुणी नाही," वर्ना म्हणाली. "मीच सगळ्यांना सांगितलं."

ती तशीच डॉर्शनरबाईंच्या घरी गेली. डॉर्शनरबाईंनी तिला बसवलं, कॉफी दिली, सफरचंदाचा केक दिला. सगळं ऐकून घेतलं आणि हळहळल्यासुद्धा.

"पण वर्ना, मी कुठं जबरदस्ती केली? मी विचारलं, तुम्हीच हो म्हणालात. भर सभेत."

"माझ्या दोघींपुरती सूट द्या. जुन्या आहेत त्या. कुणाला कधी शिंग लावलं नाही त्यांनी."

"आता एकीला सूट दिली की होल्झर सगळाच कायदा परत उकरून काढेल. वसंतात बघू. आणि एवढं कशाला जिवाला लावून घेता? शेळ्याच तर आहेत. या देऊन टाका, दुसऱ्या आणा."

तेव्हातरी सांगायचं होतं! एक वाक्य पुरे होतं. माझा नवरा या शेळ्यांवर टिकून आहे, एवढंच. वर्नानं तोंड उघडलंही, पण भिंतीवर डॉर्शनर पती-पत्नीचा जोडीनं काढलेला फोटो होता, दोघं कुठल्यातरी समुद्रावर हसत उभे. "केक छान झालाय," असं काहीतरी बोलून ती उठली.

दुसऱ्या आणा, हेही तिनं करून पाहिलं. ब्रिनानं ओळखीतून एक बिनशिंगाची दुभती शेळी दोन दिवसांसाठी आणली. गरीब, गोजिरवाणी. मेबल-रूथीला भाचीकडे धाडलं. पहाटे लेलंडनं हात धुतले, सवयीनं तिच्या डोक्यावरून हात खाली आणला आणि थांबला. परत आणला. मग उठून उभा राहिला.

"मालकीणबाई, ही शेजाऱ्यांची दिसते. चुकून आपल्यात आलीय. सोडून येतो."

वर्ना बूट चढवेपर्यंत तो शेळीला घेऊन निघालाही होता. सापडला तो लाकडाच्या वखारीजवळ, हमरस्त्याच्या अलीकडे. जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारी थांबवून विचारत होता, ही कुणाची आहे हो, हिच्या घरी दुधाची वेळ झाली असेल. वर्ना त्याला हाताला धरून घेऊन आली. जॉयलिनला सांगितलं नाही. मेबल-रूथी त्याच दुपारी परत आल्या, आणि लेलंड इतका शांत झाला की खुर्चीतच त्याला डुलकी लागली.

नगरपालिकेचा माणूस महिनाअखेरीला पाहणीला येणार होता. वर्ना त्या आठवड्यात नीट जेवली नाही. विचार एकच आणि तो सरळ होता, म्हणूनच भयंकर होता. दोन महिने शेळीचे हाल, की मरेपर्यंत कुलपाआड लेलंडचे हाल. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण आपण किती सहज तोंडावर फेकतो. या खेपेला वर्नाला खाणाऱ्याच्या जागी बसायला लागलं. तिनं डॉक्टर इम्होफला फोन केला. इम्होफ म्हणाली, "आधी एकीचं करू. ती तगली तर दुसरीचं."

मेबल तगली. भूल उतरल्यावर मोटारीत वर्नाच्या मांडीवर डोकं टाकून आली, डोक्याला कानापर्यंत पांढरी पट्टी. मधूनच दात खायची, दुखलं की शेळी दात खाते. त्या संध्याकाळी तुला ताप आहे असं सांगून वर्नानं लेलंडला झोपवून टाकलं आणि स्वतः गॅरेजात गवतावर बसून राहिली. "माफ कर गं," ती म्हणाली. मेबलनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

पहाटे कडाक्याची थंडी पडली होती. लेलंड उठायच्या आधी जाऊन पट्टी नीट करावी म्हणून वर्ना लवकर उठली, पण तो तिच्याही आधी उठला होता. गॅरेजातला दिवा लागलेला. पट्टी रात्रीतून सुटून गळ्यात आली होती. मेबल मान खाली घालून उभी होती, आणि ती श्वास सोडायची तेव्हा नाकातून वाफ यायची तशीच डोक्यावरच्या त्या दोन भोकांतूनही वाफ वर यायची. रूथी कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी. लेलंड गुडघ्यांवर बसून बघत होता.

"हे कुणी केलं?" त्यानं विचारलं.

त्याचा आवाज ऐकून वर्ना दचकली. दोन वर्षांत तिनं तो आवाज ऐकला नव्हता. नीट, सावध, पूर्वीचा लेलंड.

"डॉक्टरीणबाईंनी. नगरपालिकेचा नियम आहे म्हणून."

"त्यांना करायला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं."

त्यानं तिच्याकडे वर बघितलं. राग नव्हता, राग परवडला असता. एखादं माणूस आपल्याला आजवर कळलंच नव्हतं आणि आता कळलं, तशी ती नजर होती. मग त्यानं पट्टी उचलली, झटकली, आणि जड बोटांनी हळूहळू परत बांधली. धारा काढायचा प्रयत्न केला. मेबलनं दूध सोडलं नाही.

विसरेल, असं वर्नानं स्वतःला समजावलं. सगळं विसरतो, हेही विसरेल. या आजाराचा एवढा एक तरी फायदा पदरात पडू दे देवा. आणि खरंच, दुपारपर्यंत तो विसरला. सूप प्यायला, खिडकीत बसला. वर्नानं सुटकेचा श्वास टाकला.

पण संध्याकाळी तो गॅरेजात गेला आणि त्यानं ते पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या पहाटे गेला आणि पुन्हा पहिल्यांदाच पाहिलं. दर वेळी तेच गुडघ्यांवर बसणं, तोच प्रश्न, तीच नजर. जखम एक आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर रोज नव्यानं व्हायची. मेबलला लपवावं, तर तो तिला शोधत रस्त्यावर जाणार. गॅरेजला कुलूप लावावं, तर दार ठोठावत बसणार. एक दिवस वर्नाच्यानं राहवलं नाही आणि ती खोटं बोलली.

"कुत्र्यांनी केलं, लेलंड. मागच्या गल्लीतल्या."

त्यानं कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "कुत्रा करवत चालवतो होय, मालकीणबाई?"

त्या दिवसापासून तो तिच्या हातचं घेईना. ताट समोर ठेवलं की "नंतर जेवतो" म्हणायचा. कारण त्याला आठवत नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं मनात राहिलं होतं. माणसाचं डोकं रिकामं झालं तरी मन कुठं रिकामं होतं!

आमच्याकडच्या गड्यांची एक रीत होती. मालकाशी पटलं नाही तर आदळआपट करून कुणी जायचं नाही. आधी संध्याकाळचं दूध काढायचं, भांडी घासून पालथी घालायची, हात-तोंड धुवायचं, आणि मग टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायचं. लेलंडनं हे आयुष्यात एकदाच केलं होतं. एका मालकानं रागाच्या भरात गाईच्या पायावर फावडं घातलं, तेव्हा. वर्नाच्या पोटात तेव्हा जॉयलिन होती आणि डोक्यावर छप्पर त्या मालकाचं होतं. तरी तो म्हणाला होता, "जिथं जनावरावर हात टाकतात तिथं मी नाही राहणार." आणि तिला केवढा अभिमान वाटला होता त्याचा.

आता तो दारात उभा राहिला. केस ओले करून विंचरलेले, टोपी दोन्ही हातांत.

"मालकीणबाई, तुम्ही दुसरा माणूस बघा."

"लेलंड, बैस. सूप गरम आहे."

"चांगलंच असणार. पण मी इथं नाही राहणार. गोठ्यात काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. मी काही बोलत नाही, घर तुमचं आहे."

"मी तुझ्यासाठी केलं रे," वर्ना म्हणाली. तिच्या तोंडून ते ओरडल्यासारखं निघालं. "तू इथं राहावंस म्हणून केलं!"

तो ओशाळला. परक्या बाईनं असं काही बोलावं, याचं काय उत्तर देणार? "असं नका म्हणू," तो हळू आवाजात म्हणाला, "बरं दिसत नाही," आणि आपल्या खोलीत गेला.

सकाळी दूध-कारखान्याच्या टँकरवाल्यानं त्याला हमरस्त्यावर पाहिलं. या वेळी कपडे नीट होते, कोट, बूट, हातात दुकानाची कागदी पिशवी आणि पिशवीत दोन सदरे. टँकरवाल्याला तो म्हणाला, पुढच्या शेतावर सोड, गडी पाहिजे असेल तिथं. पोलिसांनी जॉयलिनला फोन केला. जॉयलिन आली. वाद झालाच नाही.

त्याच आठवड्यात ब्रिनाला गावातली पहिली परवानगी मिळाली. गावच्या वर्तमानपत्रात फोटो आला, तिच्या मांडीवर दोन बिनशिंगांची पिल्लं, खाली लिहिलेलं की हे सगळं वर्ना स्टेनरुड यांच्या जिद्दीमुळे. चर्चमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ब्रिना दारात येऊन रडली, आपलं चुकलं का म्हणून. वर्नानं तिला खजुराच्या वड्या दिल्या आणि परत पाठवलं. पोरीचं काय चुकलं होतं? रूथीची शिंगं काढायची वेळ आलीच नाही. मेबल आणि रूथीला भाची घेऊन गेली. मेबलची भोकं भरायला लागली होती.

लेलंडला न्यायचा दिवस रविवार होता. जॉयलिननं त्याची बॅग मोटारीत ठेवली, त्याच्या कोटाची बटणं लावली. वर्नानं मागे बसून सोबत जायचं ठरवलं होतं, पण मेपल कोर्टातल्या बाईंनी सांगितलं की पहिला आठवडा घरचं कुणी येऊ नये, माणूस रमत नाही.

"बाबा, चला," जॉयलिन म्हणाली.

"जागा कशी आहे?" लेलंडनं तिला विचारलं. तीही त्याला परकीच होती, नव्या मालकाकडून न्यायला आलेली कुणीतरी.

"चांगली आहे. माणसं चांगली आहेत."

"जनावरांना नीट वागवतात ना?"

जॉयलिननं ओठ दाबून मान हलवली. लेलंडचं समाधान झालं. तो मोटारीत बसायला वाकला, पण परत सरळ झाला आणि पायऱ्यांपाशी उभ्या असलेल्या वर्नाकडे आला. टोपी काढली. हात पुढे केला. वर्नानं तो हात दोन्ही हातांत धरला. गाठी आलेला, कोमट, तोच हात होता. तिला वाटलं, आता हा धरून ठेवावा, सोडूच नये, मग काय करतील? तिनं जरा जास्तच वेळ धरला असावा, कारण त्यानं हळूच सोडवून घेतला.

"जेवणाखाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मालकीणबाई," तो म्हणाला. "मालक कधी भेटले नाहीत. त्यांना सांगा, लेलंड भांडून गेला नाही म्हणून."

"सांगते," वर्ना म्हणाली.